बाराव्या पऱ्हाटीचा सांगावा

प्राध्यापक पुंजाजी इंगोले यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लेखकांनी सरांच्या गुणांविषयी लिहावे, असे समितीने पोस्टकार्डाने कळवले आहे. गुणांविषयी मी लिहीनच. पण आधी एक तक्रार नोंदवून ठेवतो, कारण पोटात तक्रार ठेवून केलेला गौरव पचत नाही. वाशीमच्या महाविद्यालयात मराठी शिकवायला आलो त्या दिवसापासून ते गाव सोडीपर्यंत, म्हणजे सात वर्षे, मी जवळजवळ रोज संध्याकाळी सरांच्या ओसरीवर बसलो. आणि या सात वर्षांत त्या घरी मला एकदाही भरलेला पेला पाणी मिळाले नाही. मिळे तो अर्धा. पितळी पेला, काठाला एके ठिकाणी चेपलेला, बरोबर मध्यावर कानशीने ओढलेली रेघ, आणि पाणी त्या रेघेपर्यंत. बाहेर वैशाखाचे ऊन असो की समोर खुद्द प्राचार्य बसलेले असोत, रेघ कोणासाठी हलली नाही.

सरांची पहिली ओळखही या पेल्यातूनच झाली. नागपूरहून एस.टी.ने धूळ खात मी वाशीमला उतरलो होतो, आणि भाड्याच्या खोलीसाठी इंगोले सरांना विचारा, असे कार्यालयातल्या कारकुनाने सांगितले होते. सर अंगणात उकिडवे बसून कपाशीचे एक रोप निरखत होते. इकडे त्याला पऱ्हाटी म्हणतात. मी नमस्कार केला. त्यांनी वर न पाहता माझ्याशी पहिले वाक्य उच्चारले, "बाजूले व्हा जी, सावली पडून राह्यली." माणसाने माणसाचे स्वागत करण्याच्या पुष्कळ तऱ्हा मी पाहिल्या आहेत; झाडाच्या वतीने झालेले हे पहिलेच स्वागत. मग वहिनी पाणी घेऊन आल्या. मी पेल्याकडे पाहिले, वहिनींकडे पाहिले, पुन्हा पेल्याकडे पाहिले. मला वाटले, नोकरीत कायम झाल्यावर भरलेला मिळत असावा. दोन वर्षांनी मी कायम झालो. पेला झाला नाही.

वनस्पतिशास्त्र म्हणजे फुलांची लॅटिन नावे पाठ करून परीक्षेनंतर विसरणे, अशी माझी समजूत होती. ती सरांच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभे राहून गेली. झाडाला पळता येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सरांचे सगळे शिकवणे उभे होते. पाणी आटले की जनावर जागा सोडते, माणूस गाव सोडतो. झाड तिथेच राहते आणि आतल्या आत बंदोबस्त करते. वाढ कुठे थांबवायची, कोणते पान ठेवायचे, पानांवरची बारीक तोंडे मिटून ओल कशी राखायची, हे सगळे झाडाच्या अंगात फिरणाऱ्या अगदी थोड्या द्रव्यांवर चालते. पुस्तकात त्या द्रव्यांना 'संप्रेरक' म्हटले होते. सर त्यांना 'सांगावा' म्हणत.

शुद्ध मराठीचा पगार घेत असल्यामुळे मला हरकत घेणे भाग होते. म्हणालो, "सर, सांगावा म्हणजे लेकीच्या सासरी कोणाहाती तरी धाडलेला निरोप. शास्त्रात हा शब्द शोभत नाही. संप्रेरक म्हणा."

"संप्रेरकात काय होते?"

"प्रेरणा मिळते."

"कोणाले?" सरांनी विचारले. "हे पाहा लेखकराव, किन्हीराजा गावच्या पोराले संप्रेरक समजाले माहा एक तास जाते. सांगावा तो घरून शिकून येते. सांगावा एकीकडून निंगते, दुसरीकडे पोचते, अन् पोचला की तिकडं काईतरी बदलते. तुमच्या शब्दात पोचते का काई?"

या प्रसंगावर मी एक विनोदी लेख लिहून छापून आणला. सरांनी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला, पोरांबरोबर पोटभर हसले, आणि शेवटी सांगितले की लेख झकास आहे, शब्द मात्र तोच राहील.

शब्द खरोखरच पोचत असे. एकदा कामरगावचे एक शेतकरी हातरुमालात गळलेली पाती, म्हणजे पऱ्हाटीच्या कळ्या, बांधून घेऊन आले. पऱ्हाटीला रोग पडला, औषध सांगा, असे त्यांचे म्हणणे. सरांनी रुमालातले एक पाते उचलून देठ पाहिला आणि म्हणाले, "रोग नाई हा. पाण्यानं ताण देल्ला म्हणून झाडानं इचार केला, का येवढ्यायले पोसणं होत नाई. देठापाशी सांगावा धाडला, अन् सोडून देल्लं. परदेशातल्या लोकायले हा सांगावा सापडला तोच मुळी कपाशीचे बोंडं काहून गळतात ते पाहतापाहता."

"मंग औषध?"

"पाऊस."

"अन् तोवर?"

"तोवर तुमच्यापेक्षा झाडाले जास्त समजते."

शेतकऱ्यांना हे उत्तर आवडले नाही. पण फवारणी न करता ते परत गेले, आणि दिवाळीला बोंडे फुटलेली एक फांदी सरांच्या दाराला खोचून गेले.

सरांच्या स्वभावाविषयी इतर लेखक लिहितीलच. मी एवढेच सांगतो, की माझी नोकरी सरांमुळे टिकली. स्नेहसंमेलनातल्या अध्यक्षीय भाषणावर मी एक लेख लिहिला होता. भाषण वाईट होते आणि लेख चांगला होता, त्यामुळे प्रकरण वाढले. मला काढावे अशा अर्थाचा कागद प्राध्यापकांच्या खोलीत सह्यांसाठी फिरला. माझ्याकडे दिवाळी अंक मागून नेणाऱ्या मित्रांनीही सह्या केल्या. कागद सरांपाशी आला तेव्हा त्यांनी तो नीट वाचला, चष्मा काढला आणि प्राचार्यांना म्हणाले, "येवढ्यायचं ऐकलं. ज्याचं येगळं हाये, त्याचं बी ऐकून घ्या. येगळं बोलते म्हणून खोटं बोलते, असं नसते." आणि कागद सही न करता पुढे दिला. पुढे माझी बाजू ऐकली गेली, आणि मी राहिलो. त्या संध्याकाळी आभार मानायला गेलो तर सर म्हणाले, "तुमचा लेख कायी मले पटला नाई हो. बसा." आणि अर्धा पेला आला.

आता त्या उन्हाळ्याकडे येतो. त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला होता आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात वाशीमच्या विहिरींचे तळ दिसत होते. वहिनी मैलभरावरच्या विहिरीवरून डोक्यावर घागरी आणत. आणि नेमके त्याच उन्हाळ्यात सरांनी आयुष्यातला त्यांचा सर्वांत मोठा प्रयोग मांडला. पुस्तकांत असे लिहिलेले होते, की पानाला पाणी कमी पडले की पान आपली तोंडे मिटते. सरांचे म्हणणे वेगळे होते. पान तहानण्याच्या आधीच मूळ त्याला सावध करते, असे त्यांना शेतातली पऱ्हाटी पाहून वाटत होते. "पान भरलेलं राह्यते, तरी तोंड मिटते. काहून? मुळानं खालून सांगावा धाडला, का बावा, इकडं सुकून राह्यलं, सांभाळून राह्य."

हे सिद्ध कसे करायचे? सरांनी हॉटेलांतून वनस्पती तुपाचे रिकामे डबे गोळा केले, चोवीस. दोन-दोन डबे शेजारी चिकटवून ठेवले आणि प्रत्येक जोडीवर पऱ्हाटीचे एक रोप असे बसवले, की अर्धी मुळे एका डब्यात, अर्धी दुसऱ्यात. एका डब्याला रोज अर्धा पेला पाणी, त्याच रेघेच्या पेल्याने. दुसरा डबा कोरडा. दोन्हींवर बारदान पांघरलेले, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही. पाणी मिळणारी अर्धी मुळे पानाला पुरेल इतके पाणी पोचवत होती. तरी पानाने तोंडे मिटली, तर तो निरोप कोरड्या मुळांचाच. अशी बारा रोपे ओसरीच्या भिंतीला ओळीने लागली. बारावे माझ्या खुर्चीच्या मागे.

ती बारीक तोंडे पाहण्यासाठी पानाचा ठसा लागतो, आणि ठशासाठी नेलपॉलिश. सर स्वतः बांगड्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने रंग विचारला. सर म्हणाले, बिनरंगाची. "बिनरंगाची कोणी लावते का सर?" "मले नाई, झाडाले लावाची हाये." दुसऱ्या दिवशी निम्मे गाव सरांची प्रकृती विचारून गेले. वहिनींनी मात्र डोक्यावरची घागर उतरवता उतरवता एवढेच म्हटले, "लग्नाले तीस वर्षं झाले, माह्या नखाले कधी लागली नाई. पऱ्हाटीचे नखं रंगून राह्यले."

त्याच दिवसांत मी रुसलो होतो. कारण सांगायला आज लाज वाटते. उन्हातून चालत आलो होतो, घसा कोरडा पडला होता, आणि तरी पेला रेघेपर्यंतच आला. माझ्या मागे रोपांना मोजून पाणी जात होते, आणि मला रोपाइतकेच. पऱ्हाटी आणि मी यांत हे घर काही फरक करीत नाही, हे माझ्या लेखकपणाला झोंबले. पेला परत करावा तर वहिनींना वाईट वाटेल. म्हणून मी रोज पेला घेई, ओठांना लावल्यासारखे करी, आणि वहिनी आत वळल्या की हात मागे नेऊन बारदानाखालच्या डब्यात ओती. डबा ओला ठेवायचा की कोरडा, हे मला माहीत नव्हते आणि विचारायची इच्छाही नव्हती. प्रयोग चालला तितके दिवस माझा हा बाणेदारपणा चालला.

प्रयोग संपला त्या संध्याकाळी सर वही घेऊन बाहेर आले. मी त्यांना इतके आनंदात आणि इतके चिंतेत एकाच वेळी कधी पाहिले नव्हते. अकरा रोपांची पाने टवटवीत होती आणि तोंडे मिटलेली होती. जसे त्यांनी म्हटले होते अगदी तसे. बारावे रोप मात्र सगळे दिवस तोंडे उघडी टाकून बसले होते. त्याचाही एक डबा कोरडा, तरी त्याला जसा काही सांगावा आलाच नव्हता.

माझ्या हातात पेला होता. तो मी त्या दिवशी ओतला नाही.

"अकरा पुरे झाले की सर," मी म्हणालो. "बारावे सोडून द्या. कोणाला कळते?"

"मले कळते," सर म्हणाले. "येगळं बोलते म्हणून खोटं बोलते, असं नसते. हे झाड काय सांगून राह्यलं ते समजल्याबिगर मी अकरायचं कसं छापू?"

त्याच क्षणी मी बोलायला हवे होते. सुरुवात कुठून करावी म्हणून मी पेल्यावरून केली. इतक्या वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला: अर्धाच का? सरांनी सहज सांगितले, जसे हवामान सांगावे तसे. "आसेगावले लहान होतो तवा इहिरीवर आमाले हात लावू देत नोते. कोणी वरून ओतलं त ओंजळ धराची. ओंजळीत अर्ध राह्यते, अर्ध सांडते. माय म्हणे, सांडलेलं कोणाचं नसते. छप्पनले दीक्षा घेऊन आलो, अन् इकडं पेल्याले रेघ मारली. कितीकबी घ्या, दहा अर्धे घ्या, पण पेल्यात उरवाचं नाई, सांडाचं नाई. तुमी कधी दुसरा मागतलाच नाई, मले वाटलं तुमाले तहान कमी हाये."

मैलावरून डोक्यावर आणलेले पाणी मी त्या घरात रोज हात मागे नेऊन सांडत होतो, हे त्या माणसापुढे कसे सांगायचे? उद्या सांगू, असे ठरवले. उद्या गेलो, सर वहीतले बाराव्या रोपाचे आकडे पुन्हा तपासत होते. परवा गेलो, तेच. पुढच्या आठवड्यात गेलो, तर दोन्ही डबे वाळल्यावर त्याच्या मुळ्या धुऊन भिंगाखाली पाहत होते. सरांनी तो निबंध पाठवलाच नाही. दोन वर्षांनी माझी अमरावतीला बदली झाली. निरोपाच्या दिवशीही मी सांगितले नाही.

अमरावतीत सगळे बरे आहे. घरात नळ आहे आणि पेला काठोकाठ भरतो. पण संध्याकाळ झाली की पाय चपलांकडे जातात, आणि मग आठवते की ती ओसरी आता बसच्या लांबच्या प्रवासाच्या अंतरावर आहे. इथे माझ्या लेखांना सगळे हसतात. लेख पटला नाही, बसा, असे म्हणणारे कोणी नाही. सभेत कोणी वेगळे बोलले, की मी नकळत एका कोपऱ्याकडे पाहतो. तिथे चष्मा काढणारे कोणी नसते. विनोदी लेखकाने ओढ लागल्याची कबुली देऊ नये, धंद्याला बाधते. तरी देतो.

समितीचे पोस्टकार्ड आले तेव्हा लिहायला बसलो आणि पहिल्या तक्रारीपुढे लेखणी सरकेना. गेल्या रविवारी बस धरून वाशीमला गेलो. तीच ओसरी, तीच खुर्ची. सर साठीचे झाले आहेत, पण अंगणात सावली पडू देत नाहीत. मी बसलो आणि, विनोद न करता, सगळे सांगितले. आयुष्यात एवढे सरळ मी कधी बोललो नव्हतो.

सर ताठ बसले. "थांबा. कोणत्या डब्यात?"

"खुर्चीच्या मागच्या. भिंतीकडच्या."

"कोरडा तो. किती ओतत होते?"

"पेल्यात असेल तेवढे."

"रेघेपर्यंत?"

"रेघेपर्यंत. तुमच्या घरात दुसरे माप कुठे होते?"

"रोज?"

"रोज."

दारात वहिनी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी त पाह्यत होती रोज. मले वाटलं, यायनंच सांगितलं असन तुमाले, पर्योगासाठी."

सरांनी वहिनींकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी रागाची वाट पाहत होतो. तो मला हवाही होता. पण सर मांडीवर थाप मारून उठले. "अवो, दोन्ही डबे ओले असलेलं एक झाड मले पाह्यजेच होतं! एका बाजूनं कोरडं, त तोंड मिटलेलं. दोन्ही बाजूनं ओलं, त उघडं. त्याबिगर जोड पुरी होत नाई. पण त्या साली त्याच्यासाठी आणखी अर्धा पेला कोणाच्या तोंडचा काढू, म्हणून मी ठेवलं नाई. तो तुमच्या तोंडचा निंगला! कोरडं मूळ ओलं झालं, सांगावा बंद झाला, तोंडं उघडले. अन् सहा वर्षं मी त्या झाडाले इचारून राह्यलो, बापा तू असा काहून?"

"सर, झाड खरे होते. खोटा मी होतो."

"खोटे नाई, आळशी. येवढा सांगावा धाडाले सहा वर्षं लागते का कोणाले?"

मग ते आत जाऊन वही घेऊन आले. बाराव्या रोपाच्या पानावर, सगळ्या आकड्यांखाली, त्यांच्या अक्षरात एवढेच होते: 'समजले नाही.' सरांनी ते खोडले नाही. त्याखाली त्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिले: 'दोन्ही डबे ओले. पाणी, लेखकराव.'

"म्हणजे आता छापाल?" मी विचारले.

"एका झाडावर? नाई जी. पुन्हा लावतो. बारा एकीकडून ओले, बारा दोन्हीकडून. आता नळ आला. रिटायर होऊन राह्यलो, येळच येळ हाये. तवरोक कोणी लिवलं असन त चांगलंच, आपलं जुळते का पाहू."

तेव्हा समितीला आणि वाचकांना माझी विनंती आहे, की सरांना दीर्घायुष्य चिंतताना हात आखडू नये. चोवीस रोपे वाढायची आहेत, त्यांच्या पानांचे ठसे घ्यायचे आहेत, आणि त्यानंतर आमचे शब्दावरचे भांडण मिटायचे आहे. त्याला पुष्कळ वर्षे लागतील. ती सगळी सरांना धडधाकट अंगाने, चांगल्या नजरेने आणि वहिनींसह मिळोत. शब्दापुरते मी आजच सोडून देतो. या लेखात मी संप्रेरक हा शब्द तक्रारीपुरताच वापरला आहे, आणि मथळा सरांचा आहे.

निघायच्या आधी वहिनींनी पाणी आणले. तोच चेपलेला पेला, तीच रेघ. खुर्चीच्या मागे आता डबे नव्हते, तरी माझा हात क्षणभर घुटमळला. मग मी पेला तोंडाला लावला, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो, आणि रिकामा पेला वहिनींपुढे धरून म्हणालो, "अजून अर्धा द्या."